कॉपी ९९ टक्क्यांवर अडकली की आधी हात मागे घ्या

मी एका महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत काम करते, १६ वर्षं झाली. प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या संध्याकाळी माझ्या टेबलापुढे रांग लागते. रांगेतल्या बऱ्याच जणांच्या हातात पेनड्राइव्ह असतो आणि तोंडी एकच वाक्य: "मॅडम, हँग झालाय." खरोखर हँग झालेला पेनड्राइव्ह मी फार कमी वेळा पाहिलाय. बहुतेकदा तो बिचारा काम करतच असतो, फक्त आपल्याला हव्या त्या वेगाने नाही. आणि कधीमधी तो खरंच मरायला टेकलेला असतो. दोन्हींवरचे उपाय अगदी उलटे आहेत. पहिल्यात थांबायचं असतं, दुसऱ्यात घाई करायची असते, आणि लोक नेमकं याच्या उलट करतात.

गेल्या सत्रात एक मुलगी ११ जीबीचं व्हिडिओ प्रोजेक्ट कॉपी करत होती. खिडकीत सुरुवातीला सेकंदाला १८० एमबी असा वेग दिसला आणि "१ मिनिट शिल्लक". ती खूश. अर्ध्या मिनिटात तो आकडा घसरून ९ वर आला, शिल्लक वेळ २० मिनिटं झाला. तीही तिने सोसली. शेवटी ९९ टक्क्यांवर पट्टी ठप्प. एक मिनिट, दीड मिनिट, काही हलेना. तिचा हात पेनड्राइव्हकडे गेला तेव्हा मी जवळजवळ ओरडलेच. आणखी अर्ध्या मिनिटात कॉपी पूर्ण झाली.

ओरडण्याचं कारण माझ्या गाठीला आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी स्वतः असाच एक पेनड्राइव्ह उपटला होता, अंतर्गत गुणांच्या एक्सेल फाइलसकट. फाइलचं नाव दिसत होतं, आकार बरोबर दिसत होता, उघडली तर आत काहीच नाही. ते गुण मी हाताने पुन्हा भरले, रात्री साडेनऊपर्यंत बसून.

तो १८० चा आकडा कुठून आला

संगणक लिहायचा मजकूर आधी स्वतःच्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये घेतो आणि मग पेनड्राइव्हकडे पाठवत राहतो. रॅम भरेपर्यंत, किंवा ठरवून दिलेली मर्यादा येईपर्यंत, आपल्याला दिसतो तो रॅमचा वेग. त्यात भर म्हणजे बऱ्याच पेनड्राइव्हच्या चिपमध्येही थोडी वेगवान जागा राखलेली असते. तिच्याबद्दल पुढे सांगते. ही दोन्ही भांडी भरली की मग खरा वेग दिसायला लागतो. म्हणजे "आधी चांगला चालत होता, मग बिघडला" असं नसतं. आधीचा आकडा खोटा होता, नंतरचा खरा आहे. आणि ९९ टक्क्यांवरचा तो थांबा म्हणजे रॅममध्ये उरलेला माल खाली उतरवण्याचं काम.

लिनक्सवर हे जास्तच ठसठशीत दिसतं. पट्टी भराभर शेवटाला पोचते आणि मग "बाहेर काढा" म्हटलं की मिनिटभर उत्तरच येत नाही. टर्मिनलमध्ये सिंक हा आदेश द्या. तो परत आला की डेटा खाली उतरला असं समजा.

म्हणून माझा पहिला नियम: खिडकीतला आकडा बघायचा नाही, घड्याळ बघायचं. मी एक ३.५ जीबीची व्हिडिओ फाइल याच कामासाठी ठेवलीय. ३.५ का, तर फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावतच नाही, आणि मला कुठल्याही पेनड्राइव्हवर चालेल अशी हवी होती. कॉपी सुरू करताना फोनचं स्टॉपवॉच लावायचं आणि थांबवायचं ते कॉपीची खिडकी गेल्यावर नाही, तर "सेफली रिमूव्ह" केल्यावर संगणकाने "आता काढा" म्हटल्यावर. ३,५०० ला सेकंदांनी भागायचं. ३९० सेकंद लागले तर वेग सेकंदाला ९ एमबी. १४० लागले तर २५. ४४ लागले तर ८०. हे तिन्ही आकडे माझ्या वहीत आहेत, आमच्याच खणातल्या तीन पेनड्राइव्हचे. दिसायला तिघंही सारखेच.

आता या ९ चं काय? तो बिघाड नाही. तो पेनड्राइव्ह तसाच जन्मला. वेष्टनावर मोठ्या अक्षरात छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा कित्येकदा छापलेलाच नसतो, आणि दोघांत दहापट फरकही असू शकतो. शिवाय मेगाबिट आणि मेगाबाइट यांची गल्लत होते ती वेगळीच. ८ बिट म्हणजे १ बाइट. यूएसबी २.० चा कागदोपत्री वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, आणि मधली बोलाचाली वजा जाता हाती येतात ३० ते ४०.

चार अदलाबदली, १० मिनिटांत

वेग मोजल्यावरही तो संशयास्पद वाटला, किंवा कालपर्यंत २५ देणारा पेनड्राइव्ह आज ३ देतोय असं दिसलं, तर लगेच सेटिंग उचकायला जाऊ नका. दोषी चौघांपैकी एक असतो: जिथून कॉपी करताय ती जागा, मधला रस्ता म्हणजे पोर्ट आणि केबल, पेनड्राइव्ह स्वतः, किंवा तुम्ही पाठवत असलेला माल. एकेक बाजूला काढा.

तीच फाइल संगणकातल्या संगणकात एका फोल्डरमधून दुसऱ्यात कॉपी करा. तिथेच रेंगाळली तर पेनड्राइव्ह निर्दोष सुटला. जुन्या हार्ड डिस्कवर हे होतं. फोनमधून थेट पेनड्राइव्हवर कॉपी करणाऱ्यांचंही हेच होतं. आधी फोनमधून संगणकात घ्या, मग पेनड्राइव्हवर. आणि हल्ली एक नवीनच प्रकार वाढलाय. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरमधल्या फाइली दिसतात संगणकात, पण असतात इंटरनेटवर. नावाशेजारी ढगाचं छोटं चित्र असतं. अशी फाइल कॉपी करायला घेतली की ती आधी डाउनलोड होते, आणि आपण शिव्या पेनड्राइव्हला घालतो. त्या फोल्डरवर राइट क्लिक करून "कायम या संगणकावर ठेवा" अशा अर्थाचा पर्याय निवडा, डाउनलोड होऊ द्या, मग कॉपी लावा.

दुसरी अदलाबदल: दुसरा, वेग माहीत असलेला पेनड्राइव्ह त्याच पोर्टमध्ये. तिसरी: आपला पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये, जमल्यास दुसऱ्या संगणकात. चौथी: पेनड्राइव्हवरून संगणकाकडे, उलट दिशेने. वाचणं झकास आणि लिहिणं रडतखडत असेल तर पोर्टला दोष देऊ नका, ती चिपची बाब आहे. दोन्ही दिशांना हळू असेल तर बहुतेक रस्त्यातच काहीतरी आहे.

रस्ता

यूएसबी ३.० चं मानक २००८ मध्ये आलं. पुढे त्याचंच नाव बदलून ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ केलं, त्यामुळे खोक्यावर यातलं काहीही वाचलंत तरी वस्तू एकच, ५ गिगाबिटची. पोर्टमधली पट्टी सहसा निळी असते. सहसा म्हणते, कारण रंगाची सक्ती नाही. शेजारी एसएस ही अक्षरं असतील तर जास्त भरवसा.

निळ्या पोर्टमध्ये निळ्या पट्टीचा पेनड्राइव्ह लावूनही वेग ३०-३५ च्या पुढे जात नसेल, तर काढा आणि एका झटक्यात ठाम घाला. ही अंधश्रद्धा नाही. यूएसबी ३.० च्या प्लगमध्ये एकूण ९ संपर्क असतात: २.० चे जुने ४ आणि नवीन ५, आणि हे दोन गट पुढे-मागे बसवलेले असतात. हळूहळू, डुगडुगवत घातला तर एका गटाचा संपर्क आधी जुळतो, संगणक "हा २.० चा दिसतोय" असं समजून बोलणी उरकतो आणि मग पुढे पूर्ण आत गेला तरी तो त्याच वेगावर राहतो. वर्गात हा प्रयोग मी मुलांना करून दाखवते. दर वेळी जमत नाही, पण जमला की सगळे आपापले पेनड्राइव्ह खुपसून बघायला लागतात.

डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट मला आवडत नाहीत. ते आतल्या लांब केबलने मदरबोर्डला जोडलेले असतात, ती केबल कधी सैल असते, कधी सुमार दर्जाची. मधूनच पेनड्राइव्ह नाहीसा होऊन पुन्हा उगवत असेल तर सगळ्यात आधी तो मागच्या पोर्टमध्ये लावा. एक्स्टेंशन केबल काढा. हब काढा. बाहेरून वीज न घेणारा हब एकाच पोर्टची वीज सगळ्यांत वाटतो (२.० ला ५०० मिलिअँपिअर, ३.० ला ९००), आणि त्यावर आधीच कीबोर्ड, माउस, वेबकॅम लटकलेले असतात. पोर्टमध्ये कापसाचे धागे आणि खिशातली धूळ निघते, ती संगणक बंद करून कोरड्या ब्रशने काढा. फुंकर मारू नका, थुंकी जाते.

याच ओघात एक उलटी तक्रार: पेनड्राइव्ह लावला की वायरलेस माउस अडखळतो. यूएसबी ३.० च्या केबल आणि पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो, आणि माउसचं रिसीव्हर त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलने २०१२ मध्ये यावर टिपणही काढलं होतं. रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये हलवा, संपलं.

३८,००० फाइलींचा फोल्डर

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यात मोठा वाटा याचाच. मुलं वेबसाइटचं प्रोजेक्ट करतात, त्यात बाहेरून आणलेल्या लायब्ररींचा एक फोल्डर असतो, आणि त्या फोल्डरमध्ये हजारो बारीक बारीक फाइली. एकाच्या प्रोजेक्टमध्ये ३८,००० होत्या. एकूण आकार ६०० एमबी. तो म्हणाला, "मॅडम, ६०० एमबीला १ तास १० मिनिटं लागली." सेकंदाला ९ फाइली. मी म्हटलं, पेनड्राइव्ह अगदी इमानदारीत चाललाय.

घर बदलताना सगळं सामान एका खोक्यात घालून नेणं आणि एकेक चमचा हातात घेऊन जिने चढणं, एवढा फरक आहे हा. प्रत्येक फाइलसाठी यादीत नाव लिहायचं, जागेच्या तक्त्यात नोंद करायची, मग मजकूर, मग आकार आणि वेळ. मजकूर असतो २ केबीचा आणि कारकुनी त्याहून जास्त. त्यातून फ्लॅश चिपचा स्वभाव असा की लिहिता येतं छोट्या पानावर, पण पुसायचं तर पानांचा अख्खा ठोकळा पुसावा लागतो. यादीतली एक ओळ बदलायची तरी आतल्या कंट्रोलरला, म्हणजे पेनड्राइव्हचा कारभार बघणाऱ्या चिपला, पुष्कळ उचलठेव करावी लागते. पेनड्राइव्हचा कंट्रोलर असतो स्वस्तातला, आणि बहुतेक पेनड्राइव्ह एका वेळी एकच हुकूम घेतात.

जागाही वाया जाते, हे कोणाच्या लक्षात येत नाही. ३२ जीबीहून मोठ्या पेनड्राइव्हला विंडोजमध्ये एक्सफॅट करताना काही न बदलता फॉरमॅट केलंत तर जागेचा सगळ्यात छोटा कप्पा १२८ केबीचा होतो. २ केबीची फाइलही पूर्ण कप्पा अडवते. त्या मुलाचे ६०० एमबी पेनड्राइव्हवर जवळपास ५ जीबी खाऊन बसले होते.

उपाय: संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर त्या फोल्डरची एकच झिप फाइल करा आणि ती कॉपी करा. सेव्हन-झिपमध्ये "स्टोअर" नावाची पातळी आहे, ती आकार कमी करत बसत नाही, नुसतं एकत्र बांधते. फोटो आणि व्हिडिओ आधीच आवळलेले असतात, त्यांना तेवढंच पुरे. त्या मुलाचं काम बांधणीसकट ३ मिनिटांत झालं. फक्त पोचल्यावर ती झिप पेनड्राइव्हवरच उघडू नका, नाहीतर तोच तास पुन्हा मोजावा लागेल. दुसऱ्या संगणकाच्या डिस्कवर घ्या, तिथे उघडा. (आणि तो लायब्ररींचा फोल्डर मुळात न्यायचाच नसतो, एका आदेशाने तो पुन्हा तयार होतो. पण हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी तो फोल्डर येतोच.)

चिपच्या आत

वर म्हटलं होतं त्या वेगवान जागेबद्दल. हल्लीच्या चिपमध्ये साठवणीच्या एकेका सूक्ष्म पेशीत ३ किंवा ४ बिट कोंबलेले असतात. त्यामुळे क्षमता वाढते, पण लिहिणं संथ होतं. म्हणून बरेच उत्पादक काही भाग एकाच बिटाचा म्हणून वापरतात. तिथे झटपट लिहायचं आणि सवडीने आत हलवायचं. ही सवड मिळाली नाही की वेग कोसळतो, कधीकधी काही सेकंद शून्यावर जातो, मग पुन्हा उसळतो. आलेखात करवतीचे दात दिसले तर समजायचं की हा आत आवराआवर करतोय. त्याला मोडू नका. मोठा माल असेल तर दोन-तीन हप्त्यांत पाठवा आणि मध्ये ५ मिनिटं पेनड्राइव्ह लावलेलाच, पण मोकळा ठेवा.

पेनड्राइव्ह काठोकाठ भरला की हे सगळं जास्त जाणवतं, कारण हलवाहलवीला रिकामी जागाच उरत नाही. मी पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवते. आणखी एक गैरसमज: "मी सगळं डिलीट केलं, तरी हळूच." संगणकातल्या एसएसडीला विंडोज कळवतं की अमुक जागा आता वापरात नाही. बहुतेक पेनड्राइव्हपर्यंत हा निरोप पोचतच नाही. त्यांच्या लेखी तो जुना मजकूर अजून जपायचाच असतो.

हात लावून बघा. नखाएवढे धातूचे पेनड्राइव्ह दिसायला गोड, पण मोठ्या कॉपीत चटका बसेल इतके तापतात, आणि तापले की कित्येक कंट्रोलर स्वतःहून वेग उतरवतात. थोडं थांबायचं, एवढंच.

विंडोजमधल्या खरोखर कामाच्या जागा

फार नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्क ड्राइव्ह्जखाली आपला पेनड्राइव्ह शोधा, प्रॉपर्टीज, पॉलिसीज. तिथे दोन पर्याय असतात: "क्विक रिमूव्हल" आणि "बेटर परफॉर्मन्स". २०१८ च्या ऑक्टोबरातल्या विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून पहिला आपोआप निवडलेला असतो. दुसरा निवडला की रॅममध्ये जास्त साठवून लिहिलं जातं, बारीक फाइलींना थोडा फायदा होतो. पण मग सेफली रिमूव्ह न करता काढण्याची मुभा अजिबात उरत नाही. प्रयोगशाळेत, जिथे मुलं पळता पळता पेनड्राइव्ह उपटतात, तिथे मी तो निवडत नाही. तुमचं घर, तुमची शिस्त, तुम्ही ठरवा.

रिसोर्स मॉनिटर उघडा आणि डिस्कच्या पानावर बघा की पेनड्राइव्हच्या अक्षरावर आणखी कोण काय करतंय. अँटिव्हायरस दर फाइल तपासत असेल तर तो इथे पकडला जातो. तो बंद करून कॉपी करा, असं मी सांगणार नाही, विशेषतः दहा संगणकांत फिरलेल्या पेनड्राइव्हच्या बाबतीत. माल झिपमध्ये बांधला की तपासणीच्या फेऱ्याही सहसा कमी होतात.

यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड हा वीज वाचवायचा पर्याय पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत सेटिंगमध्ये असतो, काही लॅपटॉपवर दिसतच नाही. चालू कॉपीला तो आडवा येत नाही. थोडा वेळ पडून राहिलेला पेनड्राइव्ह पुन्हा जागाच होत नाही, अशी तक्रार असेल तरच तो बंद करून पाहा. आणि संगणकात अजून विंडोज ७ असेल तर लक्षात ठेवा, तिच्यात यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळातून येत नाही, विंडोज ८ पासून येतो. निळा पोर्ट आहे पण चालत नाही, याचं कारण तिथे बहुधा हेच.

रजिस्ट्रीत अमुक आकडा बदला म्हणजे वेग दुप्पट होईल, असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

हळू नाही, अडकतोच

आता दुसरा प्रकार. वेग शून्य, दोन-दोन मिनिटं शून्य, तेही दर वेळी त्याच फाइलवर. किंवा मध्येच "डिव्हाइस नॉट रेडी". किंवा लावताच "फॉरमॅट करू का?" असा प्रश्न. इथे मात्र थांबून चालत नाही.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमधलं सिस्टिम, आणि स्रोत "डिस्क" असलेल्या ओळी शोधा. क्रमांक १५३ म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा हुकूम पुन्हा द्यावा लागला. एखादी ओळ असेल तर पोर्ट बदला आणि विसरा. ढीगभर असतील आणि दुसऱ्या पोर्टमध्येही येत असतील तर पेनड्राइव्हवर माझा विश्वास उरत नाही. क्रमांक ७ म्हणजे खराब ब्लॉक सापडला. ती ओळ दिसली की पहिलं काम, जे वाचता येतंय ते बाहेर काढणं. दुरुस्ती नंतर. लोक आधी तपासणी चालवतात, तपासणी पेनड्राइव्हच्या यादीत खाडाखोड करते आणि जे वाचलं असतं तेही जातं.

बाहेर काढायला मी रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपी करायची आज्ञा वापरते, कारण साधी कॉपी एका वाईट फाइलपाशी अडून बसते. पण रोबोकॉपीला आर आणि डब्ल्यू हे दोन पर्याय आठवणीने द्या. आर म्हणजे किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, डब्ल्यू म्हणजे मध्ये किती सेकंद थांबायचं. न दिल्यास ती १० लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. मी गुणाकार केला होता: एका फाइलीपायी ३४७ दिवस. मी आर २ आणि डब्ल्यू ५ देते. अनेक फाइली एकदम उचलणारा एमटी पर्याय पेनड्राइव्हला देऊ नका, तो आधीच दमलेला असतो. आणि अर्धवट राहिलेली कॉपी फॅट३२ वर पुन्हा सुरू करताना न बदललेल्या फाइलीही पुन्हा कॉपी होत असतील, तर एफएफटी जोडा. फॅटमध्ये बदलाची वेळ २ सेकंदांच्या टप्प्यांत नोंदली जाते, आणि वेळ जुळत नाही म्हणून रोबोकॉपीला त्या फाइली वेगळ्या वाटतात.

डेटा हाती आल्यावर मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज, टूल्स, चेक. त्यानंतर "क्विक" ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट. त्याला वेळ लागतो, कारण विंडोज प्रत्येक जागेवर शून्य लिहून बघतं. हा फॉरमॅट मध्येच कोलमडला तर प्रश्नच मिटला. आणि पेनड्राइव्ह अचानक "राइट प्रोटेक्टेड" सांगू लागला, बाजूला कसलंही बटण नसताना, तर कित्येकदा तो कंट्रोलरने स्वतःहून लावलेला टाळा असतो: आता माझ्यावर लिहू नका, वाचून घ्या. तो टाळा उघडायच्या युक्त्या शोधण्यात मी एक रविवार घालवलाय. तुम्ही घालवू नका.

एक ओळखायला कठीण जात उरते: खोट्या क्षमतेचे पेनड्राइव्ह. आत ८ जीबीची चिप आणि कंट्रोलर सांगतो १२८. सुरुवातीच्या फाइली ठीक जातात, खरी जागा संपली की वेग ढासळतो किंवा ढासळतही नाही, नुसता मजकूर हवेत जातो किंवा आधीच्या फाइलींवर लिहिला जातो. एखाद्या मुलाच्या पेनड्राइव्हवर जुने फोटो उघडत नसतील आणि नवे उघडत असतील तर मला हाच संशय येतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे कार्यक्रम पूर्ण जागा भरून लिहितात आणि परत वाचून पडताळतात. रिकाम्या पेनड्राइव्हवर, आणि हाताशी वेळ असताना करा. सेकंदाला ९ एमबीने ६४ जीबी नुसते लिहायलाच २ तास जातात. मी ते जेवणाच्या सुट्टीआधी लावून ठेवते.

फॉरमॅटचा प्रश्न हटकून येतो, म्हणून दोन ओळी. अनेक यंत्रांत फिरणारा आणि मोठ्या फाइली नेणारा असेल तर एक्सफॅट. जुन्या टीव्ही-प्रिंटरला लावायचा असेल तर फॅट३२, ४ जीबीची मर्यादा सोसून. एनटीएफएस फक्त विंडोजमध्येच राहणार असेल तर. ती बदलांची नोंदवही ठेवते, त्यामुळे लिहिणं थोडं वाढतं, पण अर्धवट उपटल्यावर सावरतेही तीच बरी.

कॉपी महत्त्वाची असेल तर सेफली रिमूव्ह करून पेनड्राइव्ह काढायचा, पुन्हा लावायचा आणि मगच फाइल उघडून बघायची. काढून लावल्याशिवाय बघितलं तर संगणक बऱ्याचदा रॅममधली प्रतच दाखवतो. त्या ११ जीबीवाल्या मुलीला मी हेच करायला लावलं. व्हिडिओ शेवटापर्यंत चालला. तिच्या पेनड्राइव्हवर मार्करने ९ लिहून दिलंय, म्हणजे पुढच्या वेळी २० मिनिटं आधी येईल.